तिसऱ्या प्रश्नाची जागा

३ जून

प्रिय मावशी,

दोन्ही कॉलेजांची पत्रं एकाच दिवशी आली. म्हणजे डॉक्टर व्हायचं हे आता नक्की, कुठे ते मात्र ठरत नाही. तीस जूनच्या आत एका ठिकाणी होकार आणि दुसरीकडे नकार, दोन्ही छापील फॉर्मवर सहीनिशी कळवायचं आहे. मी दोन्ही फॉर्म टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेत आणि दिवसभर त्यांची जागा बदलते आहे.

एक तुझं मोठं कॉलेज, ज्याच्या हॉस्पिटलात तू नऊ वर्षं सिस्टर आहेस. दुसरं इथून बसने दीड तासावरचं, नवं.

आईला जवळचं हवंय. तसं ती म्हणत नाही. ती म्हणते, "तुला हवं ते कर," आणि मग पातेली जरा जोरात ठेवते. बाबा दुकानात गिऱ्हाइकाच्या चष्म्याचा नंबर काढतात तसं मला विचारतात, "पहिलं बरं दिसतं की दुसरं? आता? आणि आता?" परवा मी अगदी रडकुंडीला आले तर म्हणाले, "दोन्ही सारखंच दिसत असेल तर डोळे ठीक आहेत." यावर माणसाने काय बोलायचं?

फोनवर तू "बरं, बरं" म्हणतेस आणि मागून आईही बोलत असते, म्हणून लिहून विचारते. क्रमांक घातले आहेत, आपल्या घरच्या शाळेसारखे. मी नऊ वर्षांची होईपर्यंत, इथल्या दवाखान्यातली ड्यूटी संपवून रोज दुपारी तू मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी शिकवलंस, तेव्हा उत्तरं कशी द्यायची हे तुला मी सांगायला नको.

१. कॉलेजपासून तुझी खोली किती लांब आहे?
२. विद्यार्थी वॉर्डात येतात तेव्हा नेमकं काय करतात?
३. मी तिथे यावं का? हो किंवा नाही.
४. वाचनालय किती वाजेपर्यंत उघडं असतं? पहिल्या वर्षाच्या मुलांना बसायला जागा मिळते का?
५. बूट कसे लागतात?

तुझी
खोडरबर

७ जून

प्रिय खोडरबर,

आधी अभिनंदन. दोन कॉलेजांनी बोलावलं तर लोक मिठाई वाटतात, तू प्रश्नपत्रिका काढलीस. तेव्हाच म्हणायचे मी, ही मुलगी खोडून खोडून वहीला भोकं पाडते, पुढे हिचं कसं व्हायचं.

१. चालत अकरा मिनिटं. लिफ्टची वाट बघितली तर एकोणीस.

२. राऊंडला येतात. वॉर्डात अठ्ठावीस खाटा. एका खाटेभोवती पंधरा-वीस मुलं. पुढच्या चौघांना पेशंट दिसतो, मधल्यांना सरांची पाठ दिसते, मागचे आपापल्या फोनमध्ये बघतात. पुढे उभं राहायचं तर कोपरं मारावी लागतात. तू बसमध्येसुद्धा मागच्याला "तुम्ही आधी चढा" म्हणतेस.

३.

४. आठपर्यंत. परीक्षेच्या आधी दहापर्यंत. जागा मिळते, पण खिडकीजवळची हवी असेल तर सकाळी सातला जायला हवं. वर जायला गोल लाकडी जिना आहे, सातवी पायरी वाजते.

५. बंद, काळे, एक नंबर मोठे. संध्याकाळी पाय सुजतात.

आईला सांग, पातेल्यांचा काही दोष नाही.

मावशी

१० जून

प्रिय मावशी,

पत्र चार वेळा वाचलं. तिसऱ्याच्या पुढे काही नाही. कागद उजेडात धरून बघितला, खोडलेलंही नाही.

आपल्या शाळेचा नियम मला पाठ आहे. येत नसेल तर क्रमांक लिहायचा आणि जागा कोरी सोडायची, अंदाजाने ठोकायचं नाही. कोऱ्या जागेला शून्य, पण ठोकून दिलेलं उत्तर सापडलं तर अख्खं पान पुन्हा. पण तुला हे येत नाही असं कसं होईल? नऊ वर्षं तिथे आहेस. जिन्याची कोणती पायरी वाजते ते तुला ठाऊक आहे.

आई म्हणाली, "ताईला सरळ नाही म्हणता येत नाही. तिथे तिची एका माणसाची खोली, त्यात तू जाऊन पडणार." असं असेल तर तसं लिही. मी वसतिगृहात राहीन. मला राग येणार नाही. खरं म्हणजे येईल, पण तो माझा मी बघीन.

आणखी एक गोष्ट आहे, घरात कुणाला सांगितलेली नाही. तुझ्या कॉलेजच्या मुलाखतीत पाच जण बसले होते. खोली अशी, की खुर्ची सरकवायलाही भीती वाटावी. त्यांनी विचारलं, डॉक्टर का व्हायचंय? मी म्हटलं, लहानपणी मी बाहुल्यांना बँडेज बांधायची. मावशी, माझ्याकडे बाहुली कधी नव्हतीच. माझ्याकडे एक तुटलेला पृथ्वीचा गोल होता. पाचही जण हसले आणि काहीतरी लिहिलं. जवळच्या कॉलेजात एकच बाई होत्या, त्यांनी सहा प्रश्न विचारले, त्यातल्या तीन प्रश्नांना मी "माहीत नाही" म्हटलं. तरी त्यांनी घेतलं.

म्हणजे तुझ्या कॉलेजातली जागा मी खोटं बोलून मिळवली. माझ्यामुळे कुणीतरी खरं बोललेली मुलगी बाहेर राहिली असेल. मी कॉलेजला पत्र लिहिलंय, सगळं कबूल केलंय आणि त्यांना फेरविचार करायचा असल्यास माझी हरकत नाही असं कळवलंय. उद्या पोस्टात टाकते.

पुन्हा विचारते.

३. मी तिथे यावं का?

कालपासून तो गोल जिना कागदावर काढून बघतेय. पायऱ्या नीट जमत नाहीत.

खोडरबर

१२ जून

प्रिय खोडरबर,

कॉलेजला काही पाठवू नकोस. तिथे पत्र उघडणारा माणूस बाहुली शोधत बसणार नाही, तो तुझी फाईल बाजूला काढून ठेवेल, आणि बाजूला काढलेल्या फाईली तिथे बाजूलाच राहतात.

खोटं बोललीस ते वाईट केलंस. पण ते कागदावर धुऊन काढायची तुझी ही घाई मला ओळखीची आहे. सात वर्षांची असताना बेरीज चुकली म्हणून तू मागच्या आठवड्याच्या बरोबर बेरजाही खोडल्या होत्यास.

खोलीत दोन खाटा मावतात. टेपने मोजून बघितलं. आईला सांग.

३.

मावशी

१७ जून

मावशी,

तुझं पत्र मिळालं, पण कॉलेजचं पत्र मी अकरालाच टाकलं होतं. काल कॉलेजचं उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवते:

"विषय: बाहुल्यांबाबत. उपरोक्त विषयी आपले पत्र प्राप्त झाले. सदर बाब प्रवेशाच्या निकषांत समाविष्ट नसल्याने कोणतीही कार्यवाही आवश्यक नाही. आपला होकार अथवा नकार विहित नमुन्यात मुदतीत पाठवावा."

आठ दिवस मला झोप नाही आणि यांच्याकडे कोणतीही कार्यवाही आवश्यक नाही. बाबांनी पत्र वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "निदान विषय बरोबर लिहिलाय." आई हसली नाही. तिला मी खोटं बोलले याचं काही वाटलं नाही. ते तिच्याआधी तुला सांगितलं, याचं वाटलं.

पण आजचं पत्र यासाठी नाही. काल दुपारी मी तुझ्या वॉर्डात फोन केला. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तोंडी तरी घ्यावं म्हटलं. एका बाईंनी उचलला. तुझं विचारलं तर त्या म्हणाल्या, "त्या इथे नसतात. दीड वर्ष होऊन गेलं. तळमजल्यावर लिनन रूममध्ये विचारा, चादरी-एप्रनचं बघतात त्या."

मी चूक नंबर म्हणून फोन ठेवला. नंतर आठवलं, नंबर चूक नव्हता. म्हणजे तेही खोटंच झालं.

मग तुझी पत्रं काढली आणि ओळीवर पट्टी ठेवून वाचली. "वॉर्डात अठ्ठावीस खाटा." आहेतच. "राऊंडला येतात." येत असतील. एकही वाक्य खोटं नाही. फक्त "मी" कुठेच नाही. तू मला शिकवलंस, ठोकून द्यायचं नाही. पण असं काठाकाठाने चालायचं, हे कधी शिकवलं नव्हतंस. दीड वर्ष तू दर रविवारी फोनवर "ड्यूटी होती, दमले" म्हणतेस, आणि आम्ही समजतो की वॉर्डात दमलीस.

काय झालं ते लिही. या वेळी कोरी जागा चालणार नाही. तेरा दिवस उरलेत.

मुलाखतीच्या दिवशी मी तुमच्या वाचनालयाच्या दाराशी पाऊण तास उभी होते. आत जाऊ का, एवढं विचारायचं धाडस झालं नाही. आज चिडले आहे म्हणून सांगतेय.

खोडरबर

२० जून

प्रिय खोडरबर,

ती पेशंट जगली. महिन्याभराने आपल्या पायांनी घरी गेली. हे आधी सांगते, नाहीतर तू पत्राचा शेवट आधी वाचशील.

दीड वर्षापूर्वीची गोष्ट. दुपारी वॉर्डात आम्ही दोघीच होतो, चौदा-चौदा खाटा वाटून घेतलेल्या. माझ्या बारा नंबरच्या बाईंचं पोटाचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झाले होते. चार वाजता त्यांचा ताप बघायला हवा होता. त्याच वेळी नऊ नंबरला रक्त चालू असताना थंडी भरली, मी तिकडे धावले. बाईंचा ताप सहाला बघितला तेव्हा एकशे तीन होता. त्यांना अतिदक्षता विभागात हलवलं.

दुसऱ्या दिवशी चौकशी लागली. तापाच्या तक्त्यावर चारचा रकाना कोरा. मोठे सर स्वतः आले, सोबत मेट्रन आणि मागे विद्यार्थी. सर हळू आवाजात म्हणाले, "सिस्टर, नव्याण्णव लिहून टाका. सगळ्यांचंच सोपं होईल." होणारच होतं, माझंही. मी म्हटलं, "सर, बघितलाच नाही, तर लिहू काय?" पेन त्यांनी पुढे केलं होतं, ते तसंच हवेत राहिलं.

माझ्या जोडीदारणीने तिच्या चौदाही खाटांचे रकाने भरले होते. ती आता वॉर्डची प्रमुख आहे. फोन तिनेच उचलला असणार. वाईट नाही ती, तिला तीन मुलं आहेत. मला तळमजल्यावर पाठवलं.

मी शूर होते असं समजू नकोस. ताप बघायचा राहिला, ही चूक माझीच. मला फक्त दुसरं काही लिहिता येईना. आणि घरी सांगितलं असतं तर तुझी आई पहिल्या बसने येऊन मेट्रनच्या टेबलासमोर उभी राहिली असती. तिला पातेल्यांवर भागवता आलं नसतं.

आता तिसरा प्रश्न. मी दर वेळी पेन घेऊन बसते. "नाही" लिहायला गेले की माझा राग लिहितो. "हो" लिहायला गेले की ही खोली लिहिते, जिथे दर आठवड्याला अर्ध्या पावाला बुरशी येते आणि मी तो फेकते. तुझ्यासाठी असलेलं उत्तर या दोघांच्या खाली कुठेतरी असेल, पण मला सापडत नाही. म्हणून जागा कोरी. नकोशी झालीस म्हणून नव्हे.

एक मात्र सांगायलाच हवं. तेच सर तिसऱ्या वर्षाला शिकवतात, आणि उत्तम शिकवतात. हे लिहिताना पेन अडलं, पण खरं आहे.

मावशी

२२ जून

प्रिय मावशी,

पत्र घरात मोठ्याने वाचून दाखवलं. आई उठून आत गेली. बराच वेळ काही आपटल्याचा आवाज आला नाही. मग बाहेर येऊन म्हणाली, "दीड वर्ष चादरी मोजते आणि मला म्हणते, तब्येत छान आहे." बाबा त्या दिवशी दुकानात गेले नाहीत.

मला कुणाचा राग आलाय ते ठरत नाही. सरांचा, तुझा, त्या जोडीदारणीचा, की त्या पाच खुर्च्यांचा. सगळ्यांची पाळी येते.

पण माझं ठरलंय. जवळच्या कॉलेजात जाते.

कारण असं. त्या मोठ्या खोलीत मला कुणी पेन पुढे केलं नव्हतं. कुणी दबाव आणला नव्हता. फक्त खोली मोठी होती आणि समोरची माणसं मोठी होती, तेवढ्यावर मी बाहुली काढली. तू नव्याण्णव लिहिलं नाहीस. मी लिहिलं असतं, मावशी. दोन दशांश स्थळांपर्यंत लिहिलं असतं. मी कशी आहे ते मला कळलंय, म्हणून जिथे मला "माहीत नाही" म्हणता आलं तिथेच मी जावं. वाचनालय गेलं, त्याला इलाज नाही.

फॉर्म भरून ठेवलेत. नकाराच्या फॉर्ममध्ये "कारण" असा रकाना आहे, तेवढा राहिलाय. सोमवारी टाकते.

खोडरबर

२४ जून

खोडरबर,

पत्र वेळेवर पोचावं म्हणून शेजारच्या मुलीच्या हाती पाठवते. ती तिकडेच निघाली आहे.

कारण चूक. पान पुन्हा.

चार रोज वाजतात, त्या कॉलेजातही. तिथेही तक्ता असतो, रकाना असतो, आणि पेन पुढे करणारा कुणीतरी असतोच. "माहीत नाही" म्हणणं सोपं जाईल अशी इमारत शोधू नकोस, ती कुणी बांधलेली नाही. तू नव्याण्णव लिहिलं असतंस की नाही, हे तुला माहीत नाही. मलाही माझ्याबद्दल त्या दुपारपर्यंत माहीत नव्हतं. म्हणजे हे उत्तर तू ठोकून दिलंस, आणि वर त्याला प्रामाणिकपणा म्हणतेस.

आणखी एक. तुझी चारही पत्रं समोर ठेवली आहेत. वाचनालय प्रत्येकात आहे. एकात त्याची वेळ, एकात जिना, एकात दाराशी पाऊण तास, एकात "इलाज नाही". जवळच्या कॉलेजबद्दल एक बाई आणि सहा प्रश्न. त्या इमारतीचा रंग काय आहे? तू एकदाही लिहिलेलं नाहीस.

तिसरा प्रश्न तू मला दोनदा लिहून विचारलास, तिसऱ्यांदा फोन केलास. स्वतःला एकदा तरी विचारलास का? मी यावं का, असं नाही. मला यायचंय का, असं. हवंसं वाटलं की तुला आधी गुन्हा केल्यासारखं वाटतं. हे मी शिकवलेलं नाही. की शिकवलं, कुणास ठाऊक.

जवळचं निवडलंस तरी मला चालेल. पण या कारणाने नको.

मावशी

२८ जून

प्रिय मावशी,

काल सकाळच्या बसने जवळच्या कॉलेजात जाऊन आले. आता पोस्टावर विश्वास नाही, म्हणून फॉर्म हातीच द्यायचा ठरवलं. इमारत फिकट पिवळी आहे. समोर मोठं झाड आणि त्याखाली बाक. सुंदर आहे. बघून फार वाईट वाटलं, कारण फॉर्म नकाराचा होता. तुझं पत्र आल्यावर दोन्ही फॉर्म उलटे भरले होते, का ते मात्र लिहिता येत नव्हतं.

खिडकीवरच्या कारकुनांनी फॉर्म परत सरकवला. "कारण रिकामं चालत नाही."

मी म्हटलं, "सांगता येत नसेल तर?"

"काहीही लिहा हो. घर लांब, तब्येत, काहीही. कोणी वाचत नाही."

मला इतका संताप आला. त्यांचा नव्हे, त्या "काहीही"चा. मागे रांग होती, एक बाई "अहो, आटपा" म्हणत होत्या. मी रांगेतून बाहेर आले, त्या झाडाखाली बसले आणि तुझा प्रश्न स्वतःला विचारला. उत्तर यायला दोन सेकंदसुद्धा लागले नाहीत. म्हणजे ते तीन जूनपासून तिथेच होतं, आणि एवढे दिवस मी तुला, आईला, बाबांच्या भिंगांना आणि पाच अनोळखी माणसांना छळलं.

पुन्हा रांगेत शेवटी उभी राहिले. कारणाच्या रकान्यात लिहिलं, "मला दुसरीकडे जायचं आहे." कारकुनांनी वाचलं. "एवढंच?"

"एवढंच."

"बरं आहे. बाकीचे पान भरून लिहितात." आणि शिक्का मारला.

तुमच्या कॉलेजचा होकार परवाच तुझ्या शेजारच्या मुलीच्या हाती गेला. त्यात कारण विचारत नाहीत.

घरी सांगितलं. बाबांनी फक्त विचारलं, "दिसलं?" मी म्हटलं, "दिसलं." तुझ्यासाठी दोन उशांचे अभ्रे शिवायला घेतलेत आईने. एक तुझा, एक माझा, असं ती म्हणत नाही. मापं मात्र दोन घेतली. तिच्यावर मी अन्याय केलाय असं वाटतं आणि त्याला कोणताच फॉर्म नाही.

सर तिसऱ्या वर्षाला शिकवतात, तोवर दोन वर्षं आहेत. कोपरं मारायला तेवढ्यात शिकेन. मी काय लिहीन, ते मला माहीत नाही.

पाच तारखेला दुपारच्या बसने येते. बूट एक नंबर मोठे घेतलेत.

खोडरबर

२ जुलै

प्रिय खोडरबर,

तू येतेस म्हणून मला आनंद झाला. हे तिसऱ्याचं उत्तर नाही, नुसती माहिती आहे. ती जागा मी कोरीच ठेवते आहे.

दुसरी खाट आणली. वर चढवताना शेजाऱ्यांच्या भिंतीला पोपडा गेला, माफी मागून झाली. पाव आता पूर्ण आणायला हरकत नाही.

पहिल्या दिवशी सगळ्या नव्या मुलांना एप्रन मिळतो. तो तळमजल्यावर, लिनन रूममध्ये मीच देते. रांगेत उभी राहा, भाची आहेस म्हणून आधी मिळणार नाही. रजिस्टरात सही करायची असते आणि शेजारी "स्थिती" असा रकाना आहे. मुलं एप्रन उघडूनसुद्धा बघत नाहीत, सरळ "चांगली" लिहून पळतात.

तू उघडून बघ. तिसरं बटण बहुतेक नसतं.

मावशी